सरळ रेघेचा वीट

मित्रांनो, मानवी हृदयाचे गूढ या जगात केवळ दोघांनाच उमगले आहे. एक तो परमेश्वर आणि दुसरा मी. आमच्यात फरक एवढाच, की परमेश्वर वर असतो आणि मी लातूरच्या एका दवाखान्यात, टेबलाच्या खालून दुसऱ्या खणात, मलमाच्या एका नळीशेजारी असतो. नळीचे झाकण हरवले आहे. मलम माझ्या अंगाला लागते.

मी एक जुना होल्टर आहे. नाव ऐकून तुम्हाला टोपी घातलेला एखादा गोरा साहेब आठवला असेल, पण मी फक्त एक डबी आहे. बेकरीतल्या मोठ्या पावाएवढी. माझ्या पोटात एक लहानशी कॅसेट फिरते आणि अंगातून रंगीत वायरी निघतात. त्या वायरी माणसाच्या छातीला चिकटवतात, मला त्याच्या गळ्यात अडकवतात आणि घरी पाठवून देतात. मग एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र मी त्याच्या काळजाचा प्रत्येक ठोका टिपून घेतो. एवढा वेळ त्या माणसाने आंघोळ करायची नसते. हे वाक्य कृपया पुन्हा एकदा वाचा. माझे सारे आयुष्य त्यात आले आहे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका थंड देशात झाला. तिथे माणसांना घाम येत नाही, आला तरी ते एकमेकांना सांगत नाहीत. तिथल्या दवाखान्यात मी मान खाली घालून नोकरी केली. मग माझ्याहून हलका आणि देखणा भाऊ आला आणि मी कपाटात गेलो. त्र्याण्णव साली सप्टेंबर सरताना किल्लारीच्या बाजूला पहाटे जमीन हलली, गावेच्या गावे मातीत गेली, आणि साऱ्या जगाला कळवळा आला. अशा वेळी माणसे कपाटे उघडतात. घरात जे नको असते ते दान करताना माणसाला फार हलके वाटते.

मी लातूरला पोहोचलो तो एका गोदामात. माझ्या वर लोकरीच्या कोटांचा ढीग होता आणि खाली मुदत संपलेल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या. एक फुटलेली होती. शेजारच्या पोत्यात गळ्यात बांधायचे टाय होते. घर गेलेल्या माणसाने टाय बांधून कुठे जावे, हे पाठवणाऱ्याने लिहिले नव्हते. त्या चिकट ढिगात मी किती दिवस पडून होतो कोण जाणे. मला पहिल्यांदा किळस आली ती तिथे, आणि ती माणसाच्या शरीराची नव्हती.

शेवटी कोट बाजूला सारून मला बाहेर काढले ते जेबाने. ही गंजगोलाईच्या बाजारातल्या अत्तरवाल्यांची लेक, नुकतीच डॉक्टर झालेली. भूकंपग्रस्तांच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिची नेमणूक होती. तिने मला दोन्ही हातांनी उचलले आणि ओढणीने पुसले. ओढणीला केवड्याचा वास होता. त्यानंतर मला कोणीही चांगल्या वासाच्या गोष्टीने पुसलेले नाही.

माझी तिथली पहिली रुग्ण धुरपताबाई. जमीन हलल्यापासून तिच्या छातीत धडधड होई. शेडजवळून ट्रक गेला, की ती दचकून उठून बाहेर पळे. जेबाने मला तिच्या गळ्यात अडकवले. धुरपताबाईला चुलीच्या धुराचा वास होता, तोही मी सहन केला. ती दिवसभर माझ्याशी बोले.

"डबे, आत्ता ट्रक गेला. लिहिलंस का? लिही."

दुसऱ्या दिवशी जेबाने माझी कॅसेट शहरातल्या मोठ्या डॉक्टरांच्या यंत्रावर लावली, कागदावर चढउतार उमटले आणि धुरपताबाईने ते पाहून कपाळाला हात लावला.

"गेलं म्हणायचं का माझं काळीज? किती वर-खाली होऊन राहिलंय!"

"न्हाई मावशी," जेबा म्हणाली. "वर-खाली होतंय म्हणजे चांगलं हाय. श्वास आत घेतला की ठोके जरा घाई करतात, सोडला की जरा रेंगाळतात. ट्रक आला की पळतात, गेला की हळू होतात. तुझं काळीज ऐकतंय गं. त्याचं ऐकणं बंद झालं की मगच भ्यायचं."

मित्रांनो, माझी शाळा एवढीच. निरोगी हृदयाचे दोन ठोके कधी अगदी सारख्या अंतरावर पडत नाहीत. ते अंतर झोक्यासारखे मागेपुढे होत असते. वेड्यावाकड्या उड्या वेगळ्या, त्या रोगाच्या. झोका वेगळा. हृदय आजारी पडले, थकले, की झोका बंद होतो आणि ते घाण्याच्या बैलासारखे एका मापाने फिरत राहते. ठोक्यांमधल्या अंतराची रेघ मग माझ्या कागदावर सरळ उमटते.

पुढे जेबाने हृदयरोगाचे शिक्षण घेऊन लातुरात स्वतःचा दवाखाना काढला आणि मी तिथे नोकरीला लागलो. मला बांधण्या-सोडण्याचे काम महेबूबकडे होते. महेबूब हा वायरी चिकटवण्याआधी पुरुषांच्या छातीवरचे केस भादरी आणि ते फुंकर मारून उडवी. कुठे उडत, ते मला विचारा. मी करडईच्या तेलाने चोपडलेल्या छात्या पाहिल्या. खरूज पाहिली. एका गृहस्थाने गळ्यात ओझे होते म्हणून मला दिवसभर धोतराच्या निऱ्यांमध्ये खोचून ठेवले होते, त्या दिवसाबद्दल मी कधी बोलत नाही. एकाने माझ्यावर गुटख्याची पिंक टाकली आणि "सॉरी" म्हणून ती तळव्याने पसरवली.

देगलूरच्या सुलतानबींची गोष्ट मात्र सांगायला हवी. महेबूब त्यांना म्हणाला, "अम्मा, इसमें सब रेकॉर्ड होता." तो ठोक्यांबद्दल बोलत होता. सुलतानबींना वाटले, बोललेले सारेच कॅसेटमध्ये जाते आणि डॉक्टरीण उद्या ऐकणार. त्यांनी सबंध दिवस आणि रात्र सुनेला एक शब्द उणा काढला नाही. दुसऱ्या दिवशी सून धावतच दवाखान्यात आली.

"बाजी, ये डबी हमेशा के लिए नहीं बांध सकते क्या?"

"त्यांना त्रास होईल," जेबा म्हणाली.

"उनकू होने दो ना!"

अशी माझी वर्षे जात होती आणि बाहेर लातूर बदलत होते. भूकंपाच्या कर्जातून आणि कोटांच्या ढिगातून शहर उठले ते थेट शिकवणीला बसले. जिकडे पाहावे तिकडे क्लासच्या पाट्या. पाट्यांवर मुलांचे चेहरे, चेहऱ्यांखाली टक्के. रेणापूरहून, उमरीहून, नांदेडच्या पलीकडून आईबाप आपली पोरे आणून एकेका खोलीत चार-चार रचून ठेवत. ज्वारीची पोतीसुद्धा अशी रचत नाहीत, त्यांना वारा लागावा म्हणून मध्ये जागा सोडतात.

या गावात शरणप्पा सरांचा क्लास सर्वांत शिस्तीचा. सर भौतिकशास्त्र शिकवत. जेबाही अकरावीत असताना, भूकंपाच्या आधी, त्यांचीच विद्यार्थिनी होती. सरांचे मूळ गाव औशाच्या बाजूला. भूकंपात तिथले त्यांचे दगडी माळवदाचे घर बसले आणि त्याखाली वडील गेले. तेव्हापासून सरांना जागची हललेली कोणतीही गोष्ट खपत नसे. बॅच घंटेवर भरे आणि घंटेवर सुटे. जेवण घंटेवर. हसणे रविवारी. माझी त्यांची गाठ पडण्याच्या वर्षभर आधी गुणवंतांच्या सत्कारात, हारांच्या ढिगासमोर, त्यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा शुद्ध हरपण्याआधी त्यांनी म्हणे घड्याळ पाहिले होते.

ते वाचले, पण हृदय निम्म्या ताकदीने काम करू लागले. तरी सरांनी पहाटे चारची एक नवी बॅच ठरवली. त्यांच्या पत्नी, नीलम्मा, त्यांना ओढून दवाखान्यात घेऊन आल्या.

"जेबा, तूच सांग बाई ह्यांस्नी. जिना चढून आले की दम लागतो. रात्री बसून झोपतात. आणि म्हणे पहाटंची बॅच!"

"सर, डबी बांधून बघू," जेबा म्हणाली. "मग पहाटेच्या बॅचचं ठरवू. तोवर काही ठरवू नका."

महेबूब वस्तरा घेऊन पुढे झाला. सरांच्या छातीवर चांदीच्या करडगीत, लिंगायत गळ्यात घालतात त्या इवल्या डबीत, इष्टलिंग होते.

"सर, ही डबी जरा बाजूला काढावी लागंल."

"ही गेली तर मी गेलो," सर म्हणाले. "तुझी अडकव जागा मिळंल तिथं."

"जीव गेला तरी लिंग अंगावरून उतरत नसतंय, भाऊ," नीलम्मा म्हणाल्या.

"मग ऱ्हाऊ द्या दोन्ही," महेबूब म्हणाला. "तुमची वर, माझी खाली. भांडू नका म्हणावं."

"आणि सर, रोजच्यासारखं वागा," जेबाने बजावले. "ही काही परीक्षा नाही."

मित्रांनो, लातुरात कोणालाही 'ही परीक्षा नाही' असे सांगू नये. शरणप्पा सरांनी दवाखान्याच्या पायरीवरच ठरवून टाकले, की ही परीक्षा आहे आणि यात पैकीच्या पैकी घ्यायचे. त्या दिवशी ते भांडले नाहीत, हसले नाहीत, कोणावर ओरडले नाहीत. नीलम्मांनी काही बोलायला तोंड उघडले, की ओठांवर बोट ठेवत. नातवाला शेजारी पाठवून दिले. कोणाची पावले वाजू नयेत म्हणून गडीमाणसांना चपला काढायला लावल्या. लिंगपूजेला ते रोज निवांत बसत, डाव्या तळहातावर लिंग घेऊन त्याकडे पाहत बसत. त्या दिवशी तेही घड्याळ लावून केले. विभूती लावताना नीलम्मांनी एक बोट माझ्यावरही ओढले. दुपारी एका विद्यार्थ्याची आई आली, तिने सरांच्या गळ्यातल्या दोन्ही डब्यांना पदर पसरून नमस्कार केला. आयुष्यात मला मिळालेला हा एकमेव मान, आणि तेव्हा माझ्या अंगावर सरांच्या काखेतला घाम ओघळत होता.

मी आपला टिपत होतो. सरांनी श्वास घेतला, ठोका तसाच. सोडला, ठोका तसाच. जिना चढले, दम लागला, ठोका जवळपास तसाच. झोपले तरी तसाच. आत कोणी ऐकतच नव्हते. मला शिसारी आली. शेवाळलेल्या हौदात हात घातल्यावर येते तशी.

दुसऱ्या दिवशी सर स्वतःच अहवाल घ्यायला आले. जेबा आत एका अत्यवस्थ रुग्णापाशी होती. महेबूबने कागद दिला.

"बाईंना दाखवूनच जावा, सर. थांबा थोडं."

सरांनी कागद उलगडला. त्यावर ठोक्यांमधल्या अंतराची रेघ होती. पट्टी लावून ओढल्यासारखी. सरांचे डोळे भरून आले.

"महेबूब, बघ! इकडं न्हाई, तिकडं न्हाई. इतकी वर्षं पोरांना सांगून राहिलो, नियमितपणा अंगात मुरला पाहिजे. मुरला का न्हाई?"

"सर, बाईंना..."

"बॅच हाय माझी," म्हणत सर निघून गेले.

जेबाने कॅसेट पुन्हा लावून रेघ पाहिली आणि निरोपावर निरोप धाडले. सर फोनवर येत ना, दवाखान्यात येत ना. नीलम्माच एकदा रडत बोलल्या, की पहाटेच्या बॅचला पोरे जमा झाली आहेत आणि येत्या सोमवारी घंटा वाजणार आहे. कागदाचे काय झाले, ते जेबाला तेव्हा कळले नव्हते.

कळले ते शेषेरावांमुळे. हे उमरीचे गृहस्थ, त्यांची मुलगी सुकन्या सरांच्या क्लासला. तिला मध्ये मध्ये धडधडते म्हणून जेबाने मला तिच्या गळ्यात अडकवले होते. मित्रांनो, काय ते काळीज! मैत्रिणीने चिमटा काढला की उडी, गॅलरीतून पाऊस पाहिला की रेंगाळणे, घंटा वाजली की पुन्हा उडी. मला तिच्या केसांतल्या खोबरेल तेलाचीसुद्धा किळस आली नाही. अहवाल आला तो डोंगराच्या रांगेसारखा.

"उत्तम आहे," जेबा म्हणाली. "काही झालेलं नाही हिला. झोप कमी आहे तेवढी वाढवा."

शेषेरावांनी कागद आडवा-उभा धरला. चेहरा पडला.

"बाई, हे तर लई वाकडं हाय. सरांचं कसं सरळ आलंय! हिचं असंच राहिलं तर सर हिला वरच्या बॅचमधून काढतील ना हो?"

"सरांचं कुठे पाहिलंत तुम्ही?"

"क्लासात. फ्रेम करून लावलंय की. समदे आईबाप बघून राहिलेत. परवा एकानं पोराला तिथंच झापड मारली, म्हटला, बघ, काळीज असावं तर असं."

जेबा उठली. रागाच्या भरात तिने सुकन्याचा कागद घेतला, मला एप्रनच्या खिशात कोंबले (खिशात एक अर्धवट चोखलेली खोकल्याची गोळी होती) आणि चालू लागली. तिच्या मागे शेषेराव, त्यांच्या मागे सुकन्या.

क्लासच्या ओट्यावर गुणवंतांचे फोटो होते आणि त्यांच्या बरोबर मधोमध, प्लॅस्टिकच्या फुलांच्या हारात, माझी सरळ रेघ. खाली ठळक अक्षरांत: 'नियमितपणा हाच प्राण'. समोर दोन-तीन आईबाप हात जोडून उभे. मी आयुष्यभर घाम, तेल, पिंक, धोतर सोसले. पण माझे काम असे हार घालून टांगलेले पाहिले, तेव्हा माझ्या वायरींनाही मळमळले.

सर आतून आले. "जेबा! ये, ये. बघितलीस का? तुझ्याच मशीनची कमाल."

"सर, एक विचारू? भूकंपात तुमचं माळवद बसलं."

सरांचे हसू थांबले. "बसलं."

"शेजारी तुराट्यांची खोपी होती?"

"होती. भीमाची."

"ती?"

"उभी राहिली."

"का, सर? भौतिकशास्त्र तुमचं."

सरांनी तळहात उभा धरून हळूच झुकवला. मग म्हणाले, "लवली. धक्का बसला तशी लवली. माळवद ताठ होतं."

जेबाने भिंतीकडे बोट दाखवले. "ही रेघ ताठ आहे, सर."

ओट्यावर आईबापांसाठी एक बाक होता. सर त्यावर बसले. त्या बाकावर ते आजवर कधी बसले नव्हते.

"म्हणजे नापास?"

"यात पास-नापास काही नसतं, सर."

"जेबा, मी एवढ्या आईबापांशी बोललोय. मास्तर गोड बोलायला लागला की समजायचं, पोरगं नापास हाय. नीट सांग."

"हृदय थकलंय. धोका आहे, आणि लहान नाही. औषधं बदलू. रोज थोडं थोडं चालायचं. पहाटेची बॅच नाही. झोपायचं. मग परत बांधू."

सरांनी वर पाहिले. "म्हणजे रिपीटर बॅच."

"हाव, सर. रिपीटर."

तेवढ्यात नीलम्मा वरून जिना उतरून आल्या. त्यांनी कोणाला काही विचारले नाही. बाकावर चढल्या, हार तोडला आणि फ्रेम भिंतीवरून उतरवली.

"आवो, मला रेघ नको," त्या म्हणाल्या. "माणूस पायजे."

सरांनी खिशातून घंटेच्या पेटीची किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. सोमवारी घंटा वाजली नाही.

या प्रसंगी सर्वांचे डोळे पाणावले, असे लिहायला मला आवडले असते. पण शेषेरावांनी हळूच विचारले, "बाई, ते समदं खरं. पर झोके घेऊन मेडिकलला नंबर लागंल का हो?"

सुकन्या मात्र हसली. मी खिशात होतो, तरी सांगतो, तिच्या काळजाने उडी घेतली असणार.

सरांनी रिपीटरचा अभ्यास मनापासून केला. औषधे घेतली, संध्याकाळी नीलम्मांसोबत चालू लागले, लिंगपूजेला पुन्हा निवांत बसू लागले. मला त्यांच्या गळ्यात पुन्हा पुन्हा अडकवले गेले. आधी रेघेला मुंगीच्या वारुळाएवढे उंचवटे आले, मग बांधाएवढे. सर दर वेळी कागद पाहून म्हणत, "काठावरच हाय अजून." हल्ली ते दिवसात एकच बॅच घेतात आणि रस्त्यात कोणाशी तरी बोलत थांबल्यामुळे तिलाही उशिरा पोहोचतात, असे महेबूब सांगत होता.

मात्र माझी किळस संपली नाही. सरांची हकिकत गावभर झाली आणि वर्षाच्या आत दुसऱ्या क्लासच्या पाट्या लागल्या: 'लवचिक हृदय, खास बॅच, मर्यादित जागा'. तिथे पोरे रांगेत बसवून घंटेवर श्वास आत, घंटेवर श्वास बाहेर. कोणाचे काळीज जास्त झुलते याचीही चाचणी दर रविवारी म्हणे होते. पाटीवर पहिल्या तिघांचे फोटो.

तेव्हापासून मी खणात आहे. आता छातीला नाण्याएवढी चकती चिकटवतात, तिला ना वायरी ना कॅसेट. तिच्यासोबत आंघोळही करता येते. मला तिचा हेवा वाटतो, पण ते असो.

मित्रांनो, आपल्या हृदयाची काळजी घ्या. त्याला हसू द्या, रेंगाळू द्या, पाऊस पाहू द्या. कोणी त्याला पट्टी लावून सरळ करायला आले, तर त्याच्या हातातली पट्टी काढून घ्या, मग ती वडिलांची असो वा मास्तरांची. आणि जुन्या वस्तूंनाही जपा, कारण त्यांनी तुमच्यासाठी बरेच काही अंगावर घेतलेले असते.

जाता जाता एक लहानशी विनंती. माझ्या पोटातले सेल कोणी काढायला विसरले आहे. ते पाझरू लागले आहेत आणि फार खाजते. कोणी हा खण उघडलाच, तर तेवढे काढून टाकावेत.